राखीव किनारा : मालवण परिसरातील निसर्ग आणि इतिहास यांच्या शासकीय संरक्षणाचा आढावा

निसर्गरम्य किंवा ऐतिहासिक भूभाग शासनाने सार्वजनिक हितासाठी राखून ठेवावा, तेथील विक्री, खोदकाम आणि बांधकाम यांना मर्यादा घालावी आणि तो सर्वांना खुला राहील अशी व्यवस्था करावी, ही कल्पना आधुनिक कायद्यात येऊन जेमतेम दीडशे वर्षे झाली आहेत. अमेरिकेने १८७२ मध्ये यलोस्टोनचा प्रदेश राखून ठेवला. न्यूझीलंडने १९०३ मध्ये निसर्गदृश्यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा करून रम्य आणि ऐतिहासिक अशा दोन्ही प्रकारच्या जमिनी संपादित करण्याची सोय केली. जपानने १९१९ मध्ये ऐतिहासिक स्थळे, रम्य स्थळे आणि नैसर्गिक स्मारके यांना एकाच कायद्याखाली आणले. आणि फ्रान्सने १९७५ मध्ये समुद्रकाठची जमीन प्रत्यक्ष विकत घेऊन सांभाळणारी सार्वजनिक संस्थाच उभी केली. भारतात मात्र हा विषय पहिल्यापासून वेगवेगळ्या दप्तरांत विभागला गेला. लॉर्ड कर्झन यांच्या काळात १९०४ मध्ये प्राचीन वास्तूंचा कायदा झाला, १९२७ मध्ये वनांचा, १९७२ मध्ये वन्यजीवांचा, आणि पर्यावरण संरक्षण कायद्याच्या आधारे किनाऱ्यासाठीची पहिली अधिसूचना १९९१ मध्ये निघाली. वास्तू एका खात्याकडे, प्राणी दुसऱ्याकडे, वाळू आणि भरतीरेषा तिसऱ्याकडे, अशी ही वाटणी आहे. आणि ती प्रत्यक्षात कशी चालते हे पाहण्यासाठी मालवणच्या किनाऱ्याइतके सोयीचे ठिकाण महाराष्ट्रात दुसरे सापडणे कठीण आहे, कारण येथे हे सर्व कायदे काही चौरस किलोमीटरांच्या आत एकमेकांवर येऊन पडलेले आहेत. येथील संरक्षण दुबळे राहिले ते कायदे कमी पडले म्हणून नव्हे. प्रत्येक कायद्याने आपापली वस्तू तेवढी राखली, परंतु त्या पाण्यावर आणि जमिनीवर आधीपासून कोणाचा कोणता हक्क होता याची नोंद करण्याचे मूळ काम यांपैकी कोणीच पुरे केले नाही, हे या दुबळेपणाचे खरे कारण आहे.

मालवण बंदरासमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग बांधला. किनाऱ्यावरील मोरयाचा धोंडा या खडकापाशी पूजा होऊन २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कामाचा आरंभ झाला आणि १६६७ मध्ये तट पुरा झाला. सुमारे ४८ एकरांच्या या किल्ल्याला जोडून जलदुर्गांची एक साखळीच होती: जहाजबांधणी व दुरुस्तीसाठी पद्मगड, किनाऱ्यावर पहाऱ्यासाठी राजकोट, उत्तरेकडे कोळंब खाडीच्या मुखाशी सर्जेकोट. या साऱ्यांच्या भोवती पाण्याखाली बुडालेल्या खडकांची रांग पसरली आहे. ज्या खडपांमुळे शत्रूच्या गलबतांना किल्ल्याजवळ येणे अवघड झाले, त्याच खडपांवर प्रवाळ आणि समुद्रशैवाल वाढतात आणि त्यांच्याच कपारींत मासे आसरा घेतात. इतिहास आणि निसर्ग येथे एकाच दगडावर उभे आहेत, ही गोष्ट किल्ला बांधणाऱ्यांना ठाऊक होती. कायदा करणाऱ्यांना ती तेवढी ठाऊक असल्याचे दिसत नाही.

किल्ल्याचे संरक्षण भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्याखाली तो राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक ठरतो, आणि या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरांपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित, म्हणजे नवे बांधकाम मुळीच होऊ न देणारे, आणि त्यापुढील २०० मीटरांचे क्षेत्र विनियमित, म्हणजे परवानगीनेच बांधकाम होऊ देणारे असते. ही मोजपट्टी दिल्ली-आग्र्यासारख्या दाट वस्तीतील घुमट आणि मकबरे डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे. सिंधुदुर्गाच्या तटापासून १०० मीटर मोजले की टोक पाण्यात जाते; तेथे घर बांधायला कोणी येत नाही, येतात त्या पर्यटकांच्या होड्या, आणि होड्यांबद्दल या कायद्याला काही म्हणायचे नाही. उलट देवगड तालुक्यातील विजयदुर्ग हाही केंद्रीय संरक्षणाखालील जलदुर्ग असून त्याच्या दाराशीच गाव आणि बंदर असल्यामुळे तीच मोजपट्टी तेथे लोकांच्या पडव्या, छपरे आणि धक्क्याच्या दुरुस्तीपर्यंत जाऊन पोहोचते. एका ठिकाणी नियम पाण्यावर ओढलेल्या रेघेसारखा आणि दुसऱ्या ठिकाणी तोच नियम घराच्या उंबऱ्यावर, असा हा प्रकार आहे. खुद्द सिंधुदुर्गातही आजवर काही कुटुंबे राहतात, राजाराम महाराजांच्या काळात उभारलेल्या शिवराजेश्वर मंदिरात पूजा चालते आणि दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरींना खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोडे पाणी असते. राबता असलेल्या अशा वास्तूसाठी कायद्यात वेगळी कोटी नाही. त्यामुळे किल्ल्यातील रहिवासी हे किल्ल्याच्या इतिहासाचा भाग आहेत की त्यावरचे अतिक्रमण, या प्रश्नाचे उत्तर अधिकाऱ्यागणिक बदलू शकते.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने १२ किल्ल्यांची एकत्रित नोंद केली. त्यांपैकी ११ महाराष्ट्रातील असून तामिळनाडूतील जिंजी हा बारावा आहे, आणि सिंधुदुर्ग व विजयदुर्ग हे दोन्ही या यादीत आहेत. या नोंदीतील ‘भूदृश्य’ या कल्पनेत किल्ला आणि त्याने वापरून घेतलेला डोंगर, खाडी किंवा समुद्र हे एकत्र धरले जातात, आणि म्हणूनच आपल्या कायद्यांनी अलग केलेल्या गोष्टी निदान कागदावर पुन्हा जोडल्या गेल्या आहेत. तथापि युनेस्कोची नोंद स्वतः कोणालाही अधिकार देत नाही. तिची अंमलबजावणी देशातील कायद्यांनीच व्हायची असते, आणि ते कायदे होते तसेच आहेत.

राजकोटचे उदाहरण या संदर्भात टाळता येत नाही. मूळ किल्ल्याचे फारसे काही न उरलेल्या या किनारी जागेवर नौदल दिनानिमित्त ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला आणि २०२५ मध्ये तेथे नवा, अधिक उंच पुतळा उभा राहिला. या घटनेवर झालेल्या सार्वजनिक चर्चेत लोखंडाचा दर्जा, वाऱ्याचा वेग आणि कंत्राट यांचाच ऊहापोह फार झाला. चार जलदुर्गांपैकी एकाची जमीन ही जपण्याची वस्तू आहे की पुतळ्याचा पाया, हा प्रश्न मात्र जवळजवळ कोणी विचारला नाही. ऐतिहासिक जमीन राखणे आणि ऐतिहासिक जमिनीवर इतिहासाचे स्मारक उभारणे ही दोन कामे भिन्न आहेत, आणि दुसरे काम पहिल्यापेक्षा नेहमीच लवकर उरकते.

समुद्राच्या बाजूचे संरक्षण याहून गुंतागुंतीचे आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी राज्य शासनाने वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मालवण सागरी अभयारण्य घोषित केले. महाराष्ट्रातील ते पहिले सागरी अभयारण्य होय. त्याचे क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर असून त्यातील ३.१८२ चौरस किलोमीटर हे गाभा क्षेत्र, म्हणजे सर्वांत कडक निर्बंधांचा भाग, आणि उरलेले २५.९४ चौरस किलोमीटर हे त्याला वेढणारे बफर क्षेत्र आहे. सिंधुदुर्ग, पद्मगड आणि बुडालेल्या खडकांचा समूह हे सारे गाभ्यातच येते. म्हणजे मालवणच्या धक्क्यावरून किल्ल्याकडे जाणारा प्रवासी सागरी मंडळाच्या परवान्यावर चालणाऱ्या होडीत बसतो, वन विभागाच्या अभयारण्यातून जातो, मत्स्यव्यवसाय विभागाच्या नियमांखालील जाळी वाटेत पाहतो आणि पुरातत्त्व खात्याच्या दारात उतरतो. अर्ध्या तासाच्या आतल्या या प्रवासात चार खाती ओलांडली जातात आणि त्या चौघांचा एकत्र आराखडा कुठे टांगलेला दिसत नाही.

अभयारण्याला मच्छीमारांनी पहिल्यापासून विरोध केला, आणि त्या विरोधाचे मूळ कायद्याच्या रचनेत आहे. १९७२ च्या कायद्याचे कलम १८ मूळ स्वरूपात असे होते की शासनाने आधी अभयारण्य घोषित करावे आणि मग जिल्हाधिकाऱ्याने तेथील लोकांच्या हक्कांची चौकशी करावी. १९९१ च्या दुरुस्तीने हा क्रम सुधारला: आधी अभयारण्य करण्याचा इरादा जाहीर करायचा, मग हक्कांची चौकशी करून ते मान्य करायचे किंवा मोबदला देऊन संपवायचे, आणि त्यानंतरच कलम २६अ खाली अंतिम घोषणा करायची. प्रादेशिक समुद्राचा, म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या पाण्याचा भाग घ्यायचा असेल तर केंद्राची पूर्वसंमती हवी, हद्द ठरवताना नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकांचा सल्ला हवा आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्याची पुरेशी तरतूद हवी, अशीही अट त्या कलमात आली. मालवणची घोषणा या शहाणपणाच्या चार वर्षे आधी झाली होती.

शिवाय जमिनीवरचा हक्क शोधायचा तर सातबारा उतारा असतो. समुद्रावरचा हक्क कोणत्या दप्तरात शोधायचा? रापणीचे उदाहरण पुरेसे आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे: होडीतून ते अर्धवर्तुळात समुद्रात सोडत जायचे, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर आणायचे आणि दोन्हीकडे माणसांच्या रांगा लावून ते सावकाश ओढत आणायचे. पुढे जे हाती लागेल त्याच्या वाटण्या जाळ्याला, होडीला आणि ओढणाऱ्या प्रत्येक माणसाला ठरल्या वाट्याने होतात; कोणत्या संघाने कोणत्या पट्ट्यात जाळे सोडायचे आणि पाळी कोणाची, हेही गावरीतीने ठरलेले असते. गाबीत समाजाच्या पिढ्यान्पिढ्या पाळल्या गेलेल्या या व्यवस्थेत जागा आहे, हद्द आहे, वाटा आहे आणि पाळी चुकवल्यास जाब विचारणारे लोक आहेत, म्हणजे मालकीहक्काला जे जे लागते ते सर्व आहे. नाही तो फक्त महसुली नोंदवहीतील रकाना. त्यामुळे हक्कांची चौकशी करतो म्हटले तरी चौकशी अधिकाऱ्यापुढे ठेवायला कागद नाही, आणि कागद नाही म्हणून हक्क नाही, हा निष्कर्ष आपोआप निघतो.

प्रत्यक्षात अभयारण्यात मासेमारी थांबली नाही आणि अभयारण्यही रद्द झाले नाही. घोषणा आणि व्यवहार शेजारी शेजारी चालू राहिले. मच्छीमार संरक्षणाच्या विरोधात आहेत, असे यावरून म्हटले जाते, पण ते वस्तुस्थितीला धरून नाही. प्रचंड घेराच्या जाळ्याने माशांचा अख्खा थवा एका वेळी उचलणारी पर्ससीन नौका, तळ खरवडत जाणारा ट्रॉलर आणि रात्री प्रखर दिव्यांनी मासे ओढून घेणारी एलईडी मासेमारी यांच्याविरुद्ध सर्वांत तिखट आंदोलने याच मालवणात झाली, आणि राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीन मासेमारीवर जे निर्बंध घातले त्यांच्यामागे पारंपरिक मच्छीमारांचाच रेटा होता. पावसाळ्यात यांत्रिक नौकांना बंदी घालण्याची सरकारी पद्धत येण्यापूर्वी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या पाण्यात न घालण्याचा रिवाज होताच. समुद्र राखला पाहिजे हे ज्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती, तेच लोक अभयारण्याचे विरोधक ठरले. वाद राखण्याबद्दल कधीच नव्हता. राखणदार कोण, याबद्दल होता. न्यूझीलंडच्या १९०३ च्या कायद्याखालीही माओरींच्या जमिनी निसर्गसौंदर्याच्या नावाने सक्तीने घेतल्या गेल्या आणि त्याची तक्रार पुढच्या पिढ्यांना चालवावी लागली, यावरून हा दोष एका देशाचा किंवा एका खात्याचा नाही, हेही स्पष्ट होते.

निसर्गसौंदर्याचे संरक्षण हा या प्रश्नाचा तिसरा आणि सर्वांत दुर्लक्षित पदर होय. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने किनाऱ्याचे वर्ग पाडले आणि पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक वर्गात अभयारण्ये, कांदळवने आणि प्रवाळ यांच्या बरोबरीने असाधारण नैसर्गिक सौंदर्याची क्षेत्रे आणि ऐतिहासिक व वारसा क्षेत्रे यांचाही स्पष्ट उल्लेख केला. रम्यता हे संरक्षणाचे स्वतंत्र कारण असू शकते, याला भारतीय किनाऱ्यापुरती मिळालेली ही मोठी कायदेशीर मान्यता होती. पण कोणती जागा असाधारण सुंदर, हे ठरवायचे कोणी आणि कशाने, याची कसोटी अधिसूचनेत नव्हती. ६ जानेवारी २०११ रोजी नवी अधिसूचना आली तेव्हा कांदळवने, वाळूच्या टेकड्या, कासवांची विणीची ठिकाणे, समुद्री गवत आणि पुरातत्त्वीय वास्तू यादीत राहिल्या, मात्र नैसर्गिक सौंदर्याचा शब्द गळाला, आणि १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेतही तो परतला नाही. मोजता येते तेवढेच राखायचे, असे प्रशासनाला सोयीचे धोरण यामागे असावे. परिणाम असा की तारकर्लीच्या वाळूला किंवा आचऱ्याच्या खाडीला संरक्षण मिळायचे असेल तर तिथे कासव तरी यायला हवे किंवा कांदळ तरी उगवायला हवे. ती जागा डोळ्यांना सुखावते हे कारण आता पुरत नाही.

गंमत अशी की, कायद्यातून सौंदर्य बाहेर जात असताना अर्थकारणात ते आत येत होते. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. जे दृश्य राखण्यासाठी कायद्यात शब्द नाही, तेच विकण्यासाठी धोरण तयार झाले, आणि त्याचा भार सर्वांत जास्त पडला तो देवबागसारख्या ठिकाणी. एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी अशा चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवर वसलेल्या या गावात समुद्राच्या भरतीरेषेपासून मोजलेले अंतर आणि खाडीच्या भरतीरेषेपासून मोजलेले अंतर यांच्यामध्ये मोकळी अशी जागा जवळजवळ उरतच नाही. २०१९ च्या अधिसूचनेने दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असलेल्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरांवरून ५० मीटरांवर आणला; सिंधुदुर्ग जिल्ह्याची २०११ ची सरासरी घनता १६३ आहे. म्हणजे ज्या किनाऱ्यावर माणसांनी दाटी केली त्याला सवलत आणि ज्याने माडांच्या मधून विरळ घरे ठेवली त्याला कडक नियम, असा उलटा न्याय झाला. या कडकपणामुळे किनारा मोकळा राहिला असता तर तक्रारीला जागा नव्हती. पण घराला खोल्या जोडून न्याहारी-निवासाची सोय करणारा मच्छीमार नियमांत अडकतो आणि मोठे भांडवल परवानगीची वाट शोधून काढते, असा अनुभव किनाऱ्यावर सर्वत्र सांगितला जातो. पाण्याखालीही तेच आहे: प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे संरक्षण असले, तरी स्नॉर्केलिंगच्या हंगामात होडीचा नांगर प्रवाळावर पडतो की वाळूवर, हे पाहणारा तिथे बहुधा होडीवाला एकटाच असतो.

किनाऱ्यापासून आत गेल्यावर हा प्रश्न सड्यावर भेटतो. सडा म्हणजे जांभ्याचे उघडे, विस्तीर्ण पठार. सातबारावर अशा कातळाची नोंद बहुधा पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, अशी असते. मालवण तालुक्यातील कुडोपीच्या सड्यावर कोरलेली प्रागैतिहासिक कातळशिल्पे २०२२ मध्ये कोकणातील इतर स्थळांसह युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. महसुली भाषेत खराब आणि जागतिक भाषेत वारसा, अशा या जमिनीला खरा धोका चिरेखाणीचा आणि वाट चुकलेल्या रस्त्यांचा आहे. धामापूरच्या १५३० मधील तलावाला २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन संस्थेने वारसा सिंचन वास्तू म्हणून मान्यता दिली, तेथेही संरक्षणाआधी मानपत्र आले.

या चित्रात काही गोष्टी जमल्या आहेत आणि त्यांतून शिकण्यासारखे आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर कांदळवनांना, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पाण्यातील वनांना, राज्यात ठोस संरक्षण मिळाले, २०१२ मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी जो प्रकल्प राबवला गेला त्यात मासेमारी, पर्यटन आणि जैवविविधता यांचा विचार प्रथमच एकत्र झाला. लहान मासळी सुटून जावी म्हणून ट्रॉलरच्या जाळ्याच्या टोकाला चौकोनी आसाची जाळी लावण्याचा प्रयोग याच काळातला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गट कांदळवनाची होडीतून सफर घडवतो, आणि कांदळ तोडला तर आपले उत्पन्न तुटते हे त्या गटाला कोणत्याही सूचनाफलकावाचून कळते. येथे संरक्षण टिकले ते राखणाऱ्याला त्या जागेत वाटा मिळाला म्हणून.

किनारा नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत मालवण आणि आचरा-रत्नागिरी यांची नावे अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांच्या यादीत आहेत, आणि अशा क्षेत्रांची घोषणा मच्छीमार व इतर स्थानिकांशी विचारविनिमय करूनच व्हावी, असे तेथे म्हटले आहे. १९८७ मध्ये जे राहून गेले ते भरून काढण्याची ही संधी होती, पण यादीतील नावापलीकडे तिचा उपयोग फारसा झाला नाही. किनाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर असलेल्या आंग्रिया बँकेची, म्हणजे समुद्रात बुडालेल्या प्रवाळयुक्त पठाराची, अडचण आणखी वेगळी आहे: ते प्रादेशिक समुद्राच्या बाहेर असल्यामुळे तेथे राज्याला अभयारण्य करताच येत नाही, आणि जे करायचे ते केंद्रालाच १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली करावे लागेल.

राहता राहिला संवर्धन राखीवाचा मार्ग. वन्यजीव कायद्यात २००२ मध्ये आलेल्या कलम ३६अ नुसार शासनाच्या मालकीचे, विशेषतः अभयारण्यांना लागून असलेले क्षेत्र स्थानिकांशी चर्चा करून संवर्धन राखीव म्हणून घोषित करता येते. त्यात लोकांचे हक्क संपवावे लागत नाहीत आणि कारभारासाठी स्थानिकांसह एक समिती असते. याच जिल्ह्यात तिलारीच्या २९.५३ चौरस किलोमीटर वनक्षेत्राला २०२० मध्ये हा दर्जा मिळाला, म्हणजे मालवणच्या अभयारण्याएवढ्याच क्षेत्राला, डोंगरात. समुद्रही शासनाचाच असल्यामुळे अभयारण्याभोवतीच्या पाण्यात हा मार्ग वापरता येण्यासारखा आहे. मात्र कलम ३६ब मध्ये त्या समितीचे सदस्य मोजून दिलेले आहेत: वन विभागाचा प्रतिनिधी, संबंधित प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक, वन्यजीव क्षेत्रातील अशासकीय संस्थांचे तीन, आणि कृषी व पशुसंवर्धन विभागांचा प्रत्येकी एक. वायरी, तारकर्ली, देवबाग या ग्रामपंचायतींना त्यात जागा मिळेल, पण नगरपरिषद असलेल्या मालवण शहराला नाही. आणि पशुसंवर्धनाला खुर्ची असली तरी मत्स्यव्यवसाय विभागाला किंवा मच्छीमार संघाला ती ठेवलेली नाही.